आमच्या मुलांना मराठीतून सूट नको, मुदत हवी

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि मराठीचे शिक्षक यांस,

स. न. वि. वि.

परदेशात बरीच वर्षे राहून सहकुटुंब महाराष्ट्रात परतणाऱ्यांविषयी बोलणे निघते तेव्हा ते बहुतेक वेळा नोकरी, घर, प्राप्तिकर आणि बँकेची खाती यांच्याभोवतीच फिरते. या प्रश्नांची उत्तरे शोधली तर सापडतात, कारण ती कुठे ना कुठे लिहून ठेवलेली आहेत. परतल्यावर अनिवासी खात्याचे निवासी खाते करून घ्यावे लागते, हे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनी ठरवून दिले आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीला आधार कार्डासाठी १८२ दिवसांच्या वास्तव्याची अट २०१९ पासून राहिलेली नाही. मतदार यादीत नाव घालायचे तर त्याचाही अर्ज ठरलेला आहे. मोठ्या माणसाचे परतणे प्रशासनाच्या ओळखीचे झाले आहे. त्याचे बोट धरून आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या परतण्याकडे मात्र अजून फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही, आणि ते सर्वांत आधी व सर्वांत जास्त जिथे जाणवते ती जागा म्हणजे शाळेतला मराठीचा तास. हे पत्र त्या तासाविषयी आहे.

मी जर्मनीत वाढलेल्या आणि आता महाराष्ट्रात शिकणाऱ्या दोन मुलांची आई आहे. आमच्या घरात तिथेही मराठीच बोलली जात होती. मुलांना मराठी गोष्टी कळतात, आजीजवळ ती मराठीतच हट्ट करतात, रागावली तरी मराठीतच रागावतात. पण दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्या, वाढदिवसाची कार्डे हे सगळे त्यांनी रोमन लिपीतच पाहिले. त्यामुळे कानाने आणि जिभेने मराठी असलेली ही मुले वहीपुढे बसली की एकदम निरक्षर ठरतात. परदेशातून परतलेल्या अनेक मराठी घरांत हेच चित्र आहे. अशा वेळी पालक शाळेकडे काय मागतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल: मराठी विषयातून सूट. मला नेमकी उलट मागणी करायची आहे. आमच्या मुलांना सूट देऊ नये. त्यांना मुदत द्यावी, आणि त्या मुदतीत त्यांना मराठी लिहायला-वाचायला शिकवावे.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. या कायद्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. त्याची अंमलबजावणी कशी ठरवली गेली, तेही आठवून पाहावे. २०२०-२१ मध्ये पहिली आणि सहावी या दोनच इयत्तांपासून सुरुवात करून दरवर्षी एकेक इयत्ता पुढे जायचे ठरले, कारण ज्या मुलाला आधी मराठी शिकवलेलीच नाही त्याच्यापुढे एकदम वरच्या इयत्तेचे पुस्तक ठेवणे अन्यायाचे झाले असते. शाळांच्या बाबतीत केलेला हा विचार परतलेल्या मुलाच्या बाबतीत करायचा राहून गेला आहे. ते मूल चौथीच्या, सहावीच्या किंवा आठवीच्या वर्गात थेट येऊन बसते आणि मधली सगळी वर्षे जणू त्याने इथेच काढली असे गृहीत धरून त्याच्या हातात पुस्तक दिले जाते.

बोलता येते म्हणजे वाचायला कितीसा वेळ लागणार, असे अनेकांना वाटते. मुळाक्षरे ओळखायला खरोखरच फार वेळ लागत नाही. अडते ते त्याच्या पुढे. 'सूर्य' हा शब्द घ्यावा. मूल तो लहानपणापासून बोलत आलेले असते. वाचताना त्याला ऊकार लावलेला स दिसतो, मग य दिसतो, आणि त्या य च्या डोक्यावर एक लहानशी आकडी दिसते. र म्हणायचा य च्या आधी आणि लिहायचा य च्या डोक्यावर, ही गोष्ट एकामागून एक अक्षर डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्या डोळ्याला पटत नाही. तोच र 'चंद्र' मध्ये द च्या पोटातली तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र' मध्ये ट च्या खाली दोन पाय फाकून उभा राहतो आणि 'दुसऱ्या' मध्ये य च्या आधी आडवा होऊन येतो. पहिलीपासून इथे शिकलेल्या मुलाला ही चारही रूपे वेगवेगळ्या वर्षी, शेकडो शब्दांतून, न कळत भेटलेली असतात. परतलेल्या मुलाला ती एकाच परिच्छेदात, एकाच दिवशी भेटतात.

पहिल्या वेलांटीचेही तसेच. 'मिळते' लिहिताना आमचा मुलगा कितीतरी दिवस आधी म काढायचा आणि मग त्याच्या उजवीकडे वेलांटी द्यायचा, म्हणजे वहीत 'मीळते' उमटायचे. त्याला जे ज्या क्रमाने ऐकू येत होते त्याच क्रमाने तो ते लिहीत होता. पानाखाली लाल शाईत शेरा आला: शुद्धलेखन सुधारावे. शेरा खरा होता, पण काय आणि कसे सुधारायचे ते त्यात नव्हते, आणि पुढच्या पानावर मुलाने तोच शब्द पुन्हा तसाच लिहिला. ज्या दिवशी शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेने त्याला हाताला धरून सांगितले की ही वेलांटी आधी काढून ठेवायची आणि मग तिच्या कुशीत अक्षर बसवायचे, त्या दिवसापासून ही चूक कमी होत गेली. लिपीतल्या अडचणी अशा असतात. त्या नेमक्या असतात, मोजक्या असतात, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने दाखवल्या तर सुटतात. मला म्हणूनच खात्री वाटते की हे काम शाळेला न झेपणारे नाही. शिवाय एकदा देवनागरी हाताला बसली की हिंदीचा तासही सोपा होतो. एका विषयासाठी घेतलेले कष्ट दोन विषयांना उपयोगी पडतात.

गणितातही लिपीचे आणि पद्धतीचे असे अडथळे येतात, आणि तिथे ते ओळखूच येत नाहीत, कारण गणित सगळीकडे सारखेच असते असे आपण मानतो. जर्मनीतली मुले एकचा आकडा लिहिताना त्याला डावीकडून लांब तिरकी रेघ देतात. इथल्या तपासणाऱ्याला तो सात वाटतो आणि उत्तर चूक ठरते. तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात आणि भागाकारासाठी दोन टिंबे. इथल्या पुस्तकात साडेबारा लाख ही संख्या १२,५०,००० अशी पाहिल्यावर मुलाने विचारले, एका संख्येत दोन दशांश चिन्हे कशी? प्रश्न हुशारीचा होता, पण घटक चाचणीत त्याला गुण नसतात. काही बाबतींत मात्र हीच मुले पुढे असतात. मराठीत आपण एकवीस, बावीस म्हणताना आधी एकक आणि मग दशक म्हणतो, आणि जर्मनमध्येही क्रम तोच आहे. त्यामुळे जर्मनीतून आलेल्या मुलाला मराठी संख्यानामांची घडण लवकर उमगते, तर अमेरिकेतून आलेल्या मुलाला ती उलटी वाटते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा संख्यावाचनावरून मोठा वाद झाला होता. त्या वादात मला पडायचे नाही. पण संख्यानामे मुलांना खरोखर जड जातात हे त्या निमित्ताने राज्यभर उघडपणे बोलले गेले, आणि परतलेल्या मुलांच्या अडचणींबद्दलही तसेच उघडपणे बोलले जावे अशी माझी इच्छा आहे. मूल कोणत्या देशातून आले, तिथे त्याने काय आणि कोणत्या पद्धतीने शिकले, एवढे दोन प्रश्न शाळेने विचारले तरी अर्धे निदान होते.

आता मराठीतून सूट देण्याविषयी. सूट मिळालेले मूल मराठीच्या तासाला काय करते, हे एकदा जवळून पाहावे. ते वाचनालयात बसते, किंवा वर्गातच मागच्या बाकावर दुसऱ्या विषयाची वही उघडून बसते. बाकीचा वर्ग कविता म्हणतो, हसतो, एखाद्या धड्यावर वाद घालतो, आणि हे मूल आठवड्यातून अनेकदा अनुभवाने शिकते की जे इथले आहे त्यात आपला भाग नाही. पालकांची भीती मला समजते. टक्केवारी घसरेल, पुन्हा परदेशी जावे लागले तर हे शिकणे वाया जाईल, मुलाचा आत्मविश्वास जाईल, असे त्यांना वाटते. पण परत येऊन राहायचे ठरले असेल तर एसटीची पाटी, सातबारा, नगरपालिकेची नोटीस, दवाखान्यातली सूचना वाचता न येणारे मूल मोठेपणी आपल्याच राज्यात कोणाच्या तरी आधारानेच वावरणार. ही उणीव घरी शिकवणी लावून भरून निघते असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ज्यांना ती शिकवणी परवडते त्यांनाच ते खरे आहे.

सूट देण्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक प्रकार चालतो. मराठी येत नाही म्हणून मुलाला एक-दोन इयत्ता खाली बसवायचे, किंवा प्रवेशाआधीच त्याची मराठी श्रुतलेखनाची परीक्षा घ्यायची. आमच्या मुलीला एका शाळेने प्रवेश अर्ज देण्यापूर्वी दहा ओळींचे श्रुतलेखन घातले आणि तो कागद आमच्यापुढे सरकवून जागा नसल्याचे सांगितले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १३ प्रवेशासाठी अशी चाळणी लावायला मनाई करते. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि शैक्षणिक वर्ष सुरू होऊन गेले या कारणावरून मुलाला परत पाठवता येऊ नये यासाठी कलम १५ आहे. ही शेवटची तरतूद परतणाऱ्या कुटुंबांसाठी फार महत्त्वाची आहे. जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्यागणिक वेगवेगळी असते, पण अनेक ठिकाणी शाळेचे वर्ष जुलैमध्ये संपते. तिथले वर्ष पुरे करून निघालेले मूल इथे पोहोचते तेव्हा जूनमध्ये सुरू झालेल्या शाळेतले कितीतरी धडे शिकवून झालेले असतात. पातळी तपासण्याला माझा विरोध नाही, उलट ती तपासलीच पाहिजे; पण ती प्रवेश दिल्यानंतर, आणि शिकवण्यासाठी तपासावी.

याच कायद्याच्या कलम ४ मध्ये मला सर्वांत जास्त आशा दिसते. वयानुरूप वर्गात दाखल झालेल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क तिथे दिलेला आहे, आणि केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांत त्याचा कालावधी किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे ठेवला आहे. व्यवहारात ही तरतूद शाळाबाह्य मुलांपुरतीच समजली जाते, आणि तिचा पहिला हक्क त्या मुलांचाच आहे यात वाद नाही. परंतु तिच्यामागचे तत्त्व, म्हणजे मुलाला वयाच्या मानाने योग्य वर्गात बसवायचे आणि मागे राहिलेले वेगळ्याने शिकवायचे, हे परतलेल्या मुलाला तंतोतंत लागू पडते. शासनाने एका परिपत्रकाने हे स्पष्ट करावे की परदेशातून किंवा परराज्यातून आलेल्या आणि मराठी लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलाला मराठीचे विशेष प्रशिक्षण द्यायचे आहे, आणि ते खासगी विनाअनुदानित शाळांनीही द्यायचे आहे.

अभ्यासक्रम कोठून आणायचा, असा प्रश्न येईल. तो आणण्याचा अनुभव राज्याकडे आहे. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि मुले मागे पडली, तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ च्या जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राज्यभर राबवला होता. त्याच धर्तीवर बोलीकडून लिपीकडे नेणारा एक मराठी सेतू तयार व्हावा. त्याची मांडणी पहिलीच्या पुस्तकासारखी नसावी, हा माझा आग्रह आहे. दहा वर्षांच्या मुलाला 'कमळ, बदक' वाचायला लावले की त्याला अपमान वाटतो, कारण बोलण्यातली त्याची मराठी त्याच्या कितीतरी पुढे असते. त्याला त्याच्या वयाची गोष्ट हवी, क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन हवे, अंतराळयानाची माहिती हवी; फक्त तीत जोडाक्षरे हळूहळू वाढत जावीत. आखाती देशांतल्या केंद्रीय मंडळाच्या शाळांतून येणाऱ्या अनेक मुलांना हिंदीमुळे देवनागरी येत असते, पण मराठीतला ळ, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आणि सामान्यरूप नवे असते. त्यांना सुरुवातीचा भाग गाळता यावा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने अनेक गावांत शनिवारी-रविवारी मराठी शाळा भरतात. तिथे शिकून आलेल्या मुलाने कुठवर मजल मारली आहे याची नोंद इथल्या शाळेने ग्राह्य धरावी. ज्यांनी परक्या गावात सुट्टीचा दिवस देऊन मुलांना बाराखडी शिकवली, त्यांच्या कामाचा याहून मोठा मान नाही.

मूल्यमापनाबाबत माझी एकच विनंती आहे, पण ती तातडीची आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाची झाली आहे. तिच्यात आणि त्यानंतरच्या पुनर्परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. ऑगस्टमध्ये पाचवीत येऊन बसलेले परतलेले मूल गणित-विज्ञानात उत्तम असूनही केवळ मराठीच्या उत्तरपत्रिकेमुळे अडकू शकते. प्रशिक्षणाच्या काळात अशा मुलाला मराठीत आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे जिथून निघाले तिथून ते किती पुढे आले यावर, श्रेणी द्यावी आणि त्या श्रेणीवर वर्गोन्नती अवलंबून ठेवू नये. तोंडी परीक्षेला अधिक गुण ठेवावेत, कारण तिथे त्याला जे येते ते दाखवता येईल. मुदत संपल्यावर मात्र इतरांची परीक्षा तीच त्याची परीक्षा. यात मी कोणतीही सवलत मागत नाही.

कागदपत्रांचा त्रास मोठा असला तरी त्यावर उपाय सोपा आहे. आपल्याकडच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, मातृभाषा, प्रगती, वर्तणूक असे रकाने असतात. परदेशी शाळेच्या पत्रावर ते नसतात आणि लिपिक अडून बसतो. जर्मन प्रगतिपुस्तकावर १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ६ ही सर्वांत खालची. ते न कळल्यामुळे सगळीकडे १ मिळवलेल्या मुलीकडे कार्यालयात सहानुभूतीने पाहिले गेले. पालकांचे स्वयंघोषणापत्र आणि परदेशी शाळेचे कोणतेही अधिकृत पत्र पुरेसे आहे, आणि विद्यार्थी नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत 'मागील शाळा परदेशातील' असा पर्याय निवडता येईल, एवढी सोय झाली तरी अनेक खेटे वाचतील.

वर्गात काय घडते ते परिपत्रकाने बदलत नाही, म्हणून पुढचे थेट शिक्षकांना उद्देशून लिहिते. परतलेले मूल बाई आत आल्यावर उभे राहायला विसरेल, उत्तर देताना बसूनच बोलेल, न समजल्यास मध्येच हात वर करून 'हे असे का' विचारेल. तो उद्धटपणा नसतो. जिथे ते शिकले तिथे त्याला तसेच वागायला शिकवलेले असते, आणि इथली रीत त्याला दोन-तीनदा शांतपणे सांगितली की ते ती आनंदाने पाळते. त्याला वर्गापुढे उभे करून परदेशी भाषा बोलून दाखवायला सांगू नये. एकदा सांगितले की ते वर्षभर 'फॉरेनचा' म्हणूनच ओळखले जाते. त्यापेक्षा त्याच्या शेजारी मराठी छान वाचणारे मूल बसवावे. आमच्या मुलीला जोडाक्षरे ज्या वेगाने तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने शिकवली, तो वेग मला घरी कधी साधला नाही.

शिक्षकांवर आधीच किती ओझे आहे याची मला जाणीव आहे. प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात असले तरी अनेक वर्गांत पन्नासहून अधिक मुले बसतात, आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे शिक्षकांनाच करावी लागतात. एका परतलेल्या मुलासाठी त्यांनी वेगळा वेळ काढावा असे म्हणणे सोपे आहे. पण हा सेतू केवळ आमच्या मुलांसाठी नसेल. बदलीच्या नोकरीमुळे दुसऱ्या राज्यातून आलेले, कामाच्या शोधात आलेल्या आई-वडिलांबरोबर आलेले हिंदी, कन्नड किंवा तेलुगू घरातले, असे मराठी न लिहू शकणारे मूल कितीतरी वर्गांत असते. ऊसतोड मजुरांची मुले तर दरवर्षी हंगामाबरोबर शाळेतून तुटतात आणि परततात. त्यांच्यासाठी राज्याने शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था केली आहे. त्या मुलांचे हाल आणि आमच्या मुलांची अडचण यांची बरोबरी होऊच शकत नाही, आणि साधने अपुरी असतील तर ती आधी त्यांना मिळावीत, असेच मी म्हणेन. मात्र मध्येच आलेल्या मुलाला वर्गाबरोबर कसे आणायचे ही पद्धत एकदा नीट बसली, तर ती या सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जामुळे संशोधनाला, प्राचीन ग्रंथांना आणि अध्यासनांना बळ मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. त्यातला थोडासा विचार आणि थोडासा निधी, जी मुले मराठी बोलत परत आली आहेत त्यांच्या हातात मराठी लेखणी देण्यासाठी वापरला जावा. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी विशेष प्रशिक्षणाविषयीचे परिपत्रक निघावे आणि सेतूचा मसुदा परिषदेने जाहीर करून त्यावर सूचना मागवाव्यात. कोणत्या देशातून आलेले मूल कोणत्या अक्षराशी, कोणत्या आकड्याशी अडते याच्या नोंदी आमच्यासारख्या अनेक पालकांच्या वह्यांत पडून आहेत. त्या आम्ही आनंदाने आपल्या हवाली करू, आणि शनिवारी शाळेत येऊन मुलांसोबत वाचायला बसण्याचीही आमची तयारी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
परदेशातून परतलेल्या दोन मुलांची आई